तालमीचा जामीन कोण?

आमच्या नात्यातल्या एका मुलाचा हात व्यायामशाळेत मोडला. वय वर्षे सतरा. भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात आता जागोजागी जिम निघाल्या आहेत, त्यांतलीच ती एक. बाकावर उताणा पडून तो लोखंडी बार छातीवरून वर उचलत होता. बारच्या एका टोकाला वजने अडवून धरणारी क्लिप नव्हती. त्या बाजूची वजने निसटली, दुसरी बाजू खाली गेली आणि मनगट दोन ठिकाणी मोडले. शिकवणारा माणूस त्या वेळी बाहेर फोनवर बोलत होता. वडिलांनी जाऊन विचारले तेव्हा मालकाने प्रवेशाचा छापील कागद पुढे केला. येथे होणाऱ्या कोणत्याही दुखापतीला सभासद स्वतः जबाबदार राहील, अशी त्यावर शेवटची ओळ होती. खाली मुलाची सही होती.

वडील परत आले आणि म्हणाले, "जाऊ द्या, भाईजान. अल्लाहची मर्जी." आम्हीही गप्प राहिलो. पण पुढे जमातीच्या बैठकीत मशिदीमागच्या खोलीत मुलांसाठी व्यायामशाळा काढण्याचा विषय निघाला आणि कोणीतरी तसाच छापील कागद नमुना म्हणून आणला. तेव्हा मात्र गप्प राहवले नाही. हा कागद आपल्या कामाचा नाही, असे आम्ही म्हणालो. एका बुजुर्गांनी विचारले, "का नाही?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

सुरुवात शब्दांपासून करू. तालीम हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ शिकवणे. वस्ताद म्हणजे फारसी उस्ताद. पहेलवान, कुस्ती, जोर, खुराक, मैदान, शागीर्द हे सगळे शब्द त्याच वाटेने मराठीत आले आणि इतके मुरले की मावळातल्या कोणत्याही गावात ते परके वाटत नाहीत. कोल्हापुरात बाबूजमाल तालीम आहे, अवचित पीर तालीम आहे. तिथल्या तालमींत मोहरमचे पंजे बसतात आणि गणपतीही बसतो. सोलापूरकडच्या बोरामणीच्या एकाच शेख घराण्यात इस्माईल (१९८०), आप्पालाल (१९९२) आणि मुन्नालाल (२००२) असे तीन महाराष्ट्र केसरी झाले. लाल माती ही आपल्या सामायिक संस्कृतीची जागा आहे, हे नव्याने सांगण्याची गरज नाही.

पण याच कुटुंबातले आणखी दोन शब्द आपल्या विषयाचे आहेत. एक 'जबाबदार', म्हणजे ज्याने जबाब द्यायचा तो. दुसरा 'जामीन'. आज जामीन म्हटले की कोर्ट आणि पोलीस चौकी डोळ्यांसमोर येते. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र व्यापक आहे : नुकसान झाले तर ते भरून देण्याचे ज्याच्यावर येते तो. फिकहमध्ये या दायित्वाला 'जमान' म्हणतात. तेव्हा आमच्या मुलाच्या मोडलेल्या हाताचा प्रश्न एका ओळीत असा मांडता येईल : तालमीचा जामीन कोण?

जुन्या तालमीत हा प्रश्न कागदावर कधी लिहिला गेला नाही, पण त्याचे उत्तर तिथल्या रोजच्या वहिवाटीत होते. हौद्यातली माती रोज खणून भुसभुशीत करायची, खडा वेचायचा, तेल-ताक-हळद मिसळायची. नवा पोरगा तालमीत आला की आधी त्याच्या हाती फावडे येई आणि डाव नंतर. मेहनत म्हणून ते काम होतेच, पण टणक मातीवर कोणी आदळू नये ही काळजीही त्यात होती. जोड लावताना वस्ताद वजन, वय, दम पाहत असे. वरचढ गड्यासमोर कच्चा पोरगा कधी सोडत नसे. जत्रेच्या फडातही लहान मुलांच्या रेवड्यांच्या नाही तर नारळाच्या कुस्त्या आधी आणि मोठ्या इनामाच्या शेवटी, हा क्रम ठरलेला. डोळ्यात बोट घालणे, गळा आवळणे याला मनाई. एवढे करूनही खांदा उतरला तर हाडवैद्याला बोलावण्याचे काम वस्तादाचेच. मुलगा तालमीत सोडताना बापाने सही केलेली नसे. वस्तादाच्या स्वाधीन केला, एवढेच तो म्हणे, आणि त्या 'स्वाधीन' शब्दात सगळे आले.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण आम्हाला करायचे नाही. त्या तालमीत जायबंदी झालेल्या पोराचा संसार पुढे कोणी चालवला, याची नोंद कुठल्या वहीत नाही. वस्ताद भला असेल तर निभावले, नसेल तर नशीब. काळजी होती, हक्क नव्हता. पण आपल्याच मुलखात हक्काचेही एक जुने उदाहरण आहे.

१६५९च्या नोव्हेंबरात प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची लढाई झाली. तिच्यात आपल्या या डोंगरांतली माणसे होती. कारीचे कान्होजी जेधे, हिरडस मावळातले बांदल, भुतोंड्याचे येसाजी कंक. शिवाजी महाराजांनी भेटीसाठी निवडून नेलेल्या दहा माणसांत इब्राहीम सिद्दीचे नाव 'शिवभारता'त आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. लढाईनंतर काय झाले, ते कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नोंदवले आहे. जे पडले त्यांच्या मुलांचे चालवले, मुलगे नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले आणि जखमींना जखम पाहून पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होन दिले.

'जखम पाहून' ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. जखमेचे मोजमाप करायचे आणि त्या मापाने भरपाई द्यायची, हा हिशेब साडेतीनशे वर्षांपूर्वी याच डोंगरात झाला. ही माणसे लढाईला धोका माहीत असूनच गेली होती. तरीही, तुम्ही राजीखुशीने आलात, आता जखमेला तुम्हीच जबाबदार, असे त्यांना कोणी म्हटले नाही. ज्याने माणसाला धोक्याच्या जागी उभे केले त्याने त्याच्या जखमेचे पाहायचे, हे तत्त्व त्यामागे होते. लढाई आणि व्यायाम यांत फरक आहे, हे आम्ही जाणतो. पण स्वखुशीने येणे आणि भरपाईचा हक्क सोडणे या दोन गोष्टी एक नाहीत, एवढे यातून नक्की निघते.

आता फिकहकडे वळू. आपल्यात अशी समजूत आहे की असे वाद म्हणजे पाश्चात्त्यांचे कोर्टकज्जे. प्रत्यक्षात आपल्या फकीहांनी यावर बारकाईने विचार केला आहे. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. तिथून पुढच्या कोकणी मुसलमानांचा मजहब शाफई. या मजहबचे तेराव्या शतकातले थोर इमाम नववी यांच्या 'मिन्हाज'मध्ये एक मसला आहे : मूल पोहायला शिकवण्यासाठी पोहणाऱ्याच्या स्वाधीन केले आणि ते बुडाले, तर त्याची दियत द्यावी लागते. टीकाकारांनी पुढे स्पष्ट केले की शिकणारा वयात आलेला असेल तर गोष्ट वेगळी, कारण त्याने स्वतःची सावधगिरी स्वतः बाळगायची असते. आमच्या तालमीतला 'स्वाधीन' हा शब्द आणि इमाम नववींचा मसला एकच गोष्ट सांगतात. लहानग्याला ज्याच्या हाती सोपवले, तो त्याचा जामीन.

हनफी परंपरेवर आधारलेला उस्मानी राज्याचा दिवाणी कायदा 'मजल्ला' १८६९ ते १८७६ या काळात तयार झाला. त्याचे ९२वे कलम म्हणते की ज्याने स्वतःच्या हाताने नुकसान केले तो हेतू नसतानाही भरपाईला बांधील. ९३वे कलम म्हणते की जो केवळ कारण ठरला तो त्याच्याकडून आगळीक झाल्याशिवाय बांधील नाही. ही दोन कलमे शेजारी ठेवली की पुष्कळ गोंधळ मिटतो. व्यायामशाळेचा मालक मुलाचा हात स्वतः मोडत नाही, तो कारण ठरतो. म्हणून प्रत्येक मुरगळलेल्या पायाचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. पण क्लिपशिवाय बार ठेवणे, शिकाऊ मुलाला एकटे सोडणे ही आगळीक आहे आणि तिथे तो सुटत नाही. शिवाय अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे. ज्याला वैद्यकी येत नाही त्याने इलाज केला तर नुकसानीला तो जबाबदार. तिथल्या अरबी मजकुरात शब्द 'जामीन' हाच आहे. दोन महिने स्वतः वजने उचलून तिसऱ्या महिन्यात ट्रेनर झालेल्या माणसांनी हा मसला जरूर लक्षात ठेवावा.

इंग्रजी अमलात १८६० साली भारतीय दंड संहिता मंजूर झाली. १८३७च्या मेकॉलेच्या मसुद्यातून ती वाढत आली होती. तिच्या ८७व्या कलमात संमतीचा नियम होता आणि तो समजावण्यासाठी दिलेले उदाहरण थेट आखाड्यातले वाटावे असे होते. दोघे जण करमणुकीखातर पट्टेबाजीचा खेळ खेळायचे ठरवतात. खेळाच्या ओघात, लबाडी न करता, जी इजा होईल ती सोसण्याची दोघांची संमती त्यात आलीच. सरळ खेळताना एकाने दुसऱ्याला इजा केली तर तो गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि हाच नियम तिच्या २५व्या कलमात कायम आहे.

मालकाच्या कागदावरची ओळ याच नियमाची सावली आहे, असे कोणाला वाटेल. पण नियम नीट वाचला तर त्याला चार कुंपणे आहेत. संमती देणारा अठरा वर्षांवरचा हवा. मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू नको. तसे घडण्याचा संभव आहे याची जाणीवही नको. आणि उदाहरणातच सांगितल्याप्रमाणे खेळ सरळ हवा. पट्टेबाजाने प्रतिस्पर्ध्याच्या पट्ट्याला संमती दिलेली असते, मैदानात पुरून ठेवलेल्या खिळ्याला नाही. कुस्तीगीर पाठीवर आपटण्याला तयार असतो, न खणलेल्या दगडमातीला नाही. आमच्या मुलाने वजन उचलताना स्नायू दुखावण्याचा धोका पत्करला होता. नसलेल्या क्लिपचा धोका त्याने पत्करलेला नव्हता, कारण तो त्याला कोणी सांगितलाच नव्हता.

त्याच्या सहीची किंमत तर त्याहूनही कमी. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका गहाणखताच्या खटल्यात ठरवले आणि आजही तोच कायदा आहे. सतरा वर्षांच्या मुलाच्या सहीवर मालकाला आपला बचाव उभारता येत नाही. वडिलांची सही असती तरी मुलाची काळजी घेण्याचे मालकाचे काम संपले नसते.

धोका माहीत होता, हाही बचाव पुरेसा नाही. १८९१ साली इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर एका मजुराचा खटला आला. तो खाली काम करत असताना डोक्यावरून यारीने दगड नेले जात. धोका त्याला दिसत होता, तरी तो कामावर येत राहिला. एके दिवशी दगड पडला. मालक म्हणाला, याला सगळे माहीत होते. न्यायाधीशांनी बहुमताने ठरवले की धोका ठाऊक असणे म्हणजे मालकाच्या हयगयीला संमती देणे नव्हे. स्मिथ विरुद्ध बेकर या नावाने तो निकाल आपल्याकडच्या वकिलांनाही पाठ असतो.

आपल्या देशातली दोन उदाहरणे पाहू. १९७२ साली दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलच्या तलावात एका जर्मन वैमानिकाने सूर मारला, डोके आपटले आणि शरीर लुळे पडले. १९९७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने पन्नास लाख रुपयांचा निकाल दिला. पण तो १९८५ मध्येच वारला होता. दावा लावणाऱ्याबरोबर त्याच्या दाव्याचा हक्कही संपतो, या मुद्द्यावर अपिलात तो निकाल टिकला नाही. दुसरे उदाहरण पंजाबचे. १९९५ साली सहलीला नेलेली चौदा शाळकरी मुले बियास नदीत बुडाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेला जबाबदार धरून प्रत्येक मुलामागे पाच लाखांची भरपाई कायम केली. मुले ज्यांच्या हाती सोपवली त्यांची काळजी साध्या माणसाहून जास्त असली पाहिजे, हा त्याचा अर्थ. इमाम नववींच्या मसल्यापासून हे फार दूर नाही. मात्र पहिल्या उदाहरणातली पंचवीस वर्षेही विसरू नयेत. कायदा बाजूने असणे आणि न्याय हाती येणे यांत मोठे अंतर आहे.

हे अंतर थोडे कमी करणारी एक वाट आहे. फी घेऊन चालणारी जिम ही सेवा आहे आणि फी भरणारा ग्राहक आहे. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९चा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. सेवेतील कसुरीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, वकील लावलाच पाहिजे असे नाही. दवाखान्याची बिले, फीची पावती, जागेचे व यंत्राचे फोटो, त्या वेळी हजर असलेल्यांची नावे एवढे जपून ठेवावे. हयगयीने मृत्यू किंवा दुखापत झाली तर न्याय संहितेची १०६ आणि १२५ ही कलमे आहेत, ती पोलिसांकडची वाट. आमच्या मुलाच्या वडिलांकडे फीची पावतीसुद्धा नव्हती. घेतलीच नव्हती.

आता 'अल्लाहची मर्जी' या शब्दांविषयी. हे शब्द आमच्याही तोंडी असतात आणि दुःखात त्यांनी आधार मिळतो, हे खरे. पण हजरत उमर शामकडे निघाले असता पुढे ताऊनची साथ असल्याचे कळले आणि ते काफिला घेऊन मागे फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असे हजरत अबू उबैदांनी विचारले, तेव्हा एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जातो आहोत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. हा प्रसंग बुखारीत आहे. तकदीरवर ईमान असणाऱ्या खलिफाने काफिल्याच्या जिवाची जबाबदारी तकदीरवर टाकली नाही. मग बारची क्लिप न बसवणाऱ्याने ती का टाकावी? मर्जी अल्लाहची, हयगय माणसाची. दुखावलेल्या माणसाने सब्र करावा हे बरोबर, पण ज्याच्यामुळे दुखावले त्याने दुसऱ्याच्या सब्रावर आपला हिशेब मिटवू नये.

बैठकीत बुजुर्गांनी आम्हाला आणखी एक गोष्ट विचारली आणि ती रास्त होती. ते म्हणाले, "एवढे सगळे अंगावर येणार असेल तर तालीम काढील कोण? फुकट शिकवणाऱ्याने कोर्टात का उभे राहायचे?" ही भीती खोटी नाही. वेल्हे तालुक्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, तोरणा-राजगडावर मुलांना घेऊन जाणाऱ्या मंडळींनाही ती वाटते. तिचे उत्तर मजल्लाच्या त्या ९३व्या कलमातच आहे. नीट काळजी घेतली असेल तर केवळ कारण ठरणारा बांधील नाही. जामीन होण्याची भीती वाटत असेल तर काळजी घेणे हाच तीतून सुटण्याचा मार्ग. "स्वतः जबाबदार" ही ओळ छापणे हा मार्ग नव्हे. त्या ओळीने मुलाचा हात वाचत नाही आणि कोर्टात मालकही वाचेल याची खात्री नाही. तिने एवढेच होते की वाचता न येणारा, भिडस्त बाप घरी परत जातो.

जमातीने ती ओळ काढली. त्या जागी आमच्या आग्रहाने दुसऱ्या गोष्टी लिहिल्या. शिकवणारा हजर असल्याशिवाय खोली उघडायची नाही. अठराखालच्या मुलाचे नाव वडील किंवा आई यांच्यासमोर लिहायचे आणि त्याला जुने दुखणे असेल तर ते विचारून टिपायचे. एकट्याने बाकावर वजन घ्यायचे नाही. यंत्रे दर जुम्मेरातला तपासून वहीत सही करायची, मोडलेले यंत्र भिंतीकडे फिरवून ठेवायचे. सभासदांचा अपघात विमा जमातीच्या खर्चाने काढायचा. आणि शेवटी : खेळाचा धोका शिकणाऱ्याचा, जागेची, यंत्राची आणि शिकवण्याची जबाबदारी आमची. या शेवटच्या वाक्यावर तासभर वाद झाला. विम्याच्या खर्चावर त्याहून जास्त. अखेर दोन्ही राहिले.

आमच्या नात्यातल्या मुलाचे मनगट जुळले, पण अजून पूर्ण वळत नाही. वही सांभाळायचे काम त्याने मागून घेतले आहे. दर जुम्मेरातला तो आधी क्लिपा मोजतो.